पुण्याला गेलेला कोपर

शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसानं काय करावं, याचे वरवट बकालमध्ये दोनच मार्ग होते: भजन किंवा भानगड. उकंडराव अवचार मास्तरांना आवाज नव्हता आणि भानगडीला लागते तेवढी शेती नव्हती. म्हणून त्यांनी ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहायला घेतली. तिच्यात आळवणंही आलं आणि कुलंगडीही आली.

इतिहासाची त्यांची पद्धत सोपी होती. सातपुड्याच्या पायथ्याशी एक पडकं देऊळ होतं. आत मूर्ती नव्हती, नुसता चौथरा होता. मूर्ती कुठं गेली, कुणी नेली, मुळात होती का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एवढं सत्य मास्तरांना पुरलं. पुरावा संपला की इतिहासकाराला थांबावं लागतं. मास्तर तिथूनच निघायचे. शिवाय हरवलेल्या वस्तूची एक मोठी सोय असते. आपण कशा होतो हे सांगायला ती हजर नसते.

तर त्या रिकाम्या चौथऱ्यावर मास्तरांनी कातरगड नावाचा एक अख्खा किल्ला बांधला. त्यात एक राणी ठेवली, एक फितूर दिवाण ठेवला, आणि देवीचे पाय ज्यात धुतले जात असा सोन्याचा कोपर ठेवला. त्याच्या तळाशी कुणा अज्ञात कारागिरानं देवीचं नृत्य कोरलेलं. गड पडला त्या धामधुमीत कोपर नाहीसा झाला. कुणी नेला? कुठं लपवला? हे रहस्य. ते लेखकालाही माहीत नव्हतं, त्यामुळे उत्कंठा अगदी अस्सल होती.

कोपर म्हणजे काय, हे वऱ्हाडात सांगावं लागत नाही. पितळेचं रुंद, पसरट, काठाचं भांडं. लग्नात नवरदेवाचे पाय त्यात धुतात, पाहुण्याचे पाय त्यात धुतात, आणि एरवी घासूनपुसून त्यातच पीठ मळतात. हाताच्या मधल्या सांध्यालाही कोपर म्हणतात म्हणा. पण वरवट बकालात नुसतं 'कोपर' म्हटलं की माणसाला आधी भाकर आठवते.

मास्तरांच्या घरातला कोपर मनकर्णाबाईंचा. संग्रामपूरहून, माहेराहून आलेला, आईच्या हातचा. वाटेत दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, पडला होता, तेव्हाचा काठाला एक पोचा होता. सकाळी बाई पीठ मळायला बसल्या की तो कोपर जमिनीवर घुमायचा, आणि ओसरीवर मास्तरांची लेखणी त्या ठेक्यावर चालायची. कादंबरी तिथंच सुचली.

"काय लिहून राह्यले एवढं?" बाईंनी एकदा विचारलं.

"तुझ्या कोपरावर कादंबरी."

"त्याच्यावर लिहा कायले लागते? त्याचा पोचा तेवढा काढून आना."

पण बाईंना बरं वाटलं होतं. आठवडाभरात संग्रामपूरच्या सगळ्या भावजयांना कळलं की मनकर्णेचा कोपर छापून येऊन राह्यला, अन् थोही सोन्याचा.

मास्तरांनी कादंबरी शुद्ध लिहिली. वऱ्हाड कागदावर निजामाचं, कारभार नागपूरचा आणि शुद्धलेखन पुण्याचं, अशी त्या काळी वाटणी होती. मास्तरांनी वाक्य न वाक्य चाळणीतून काढलं. 'मले'चं 'मला' केलं, 'काऊन'चं 'का बरे' केलं. राणीच्या तोंडून एका नाजूक प्रसंगी 'अवो माय' निघून गेलं होतं, तिथं 'हे जगज्जननी' घातलं. औषधालाही वऱ्हाडी उरली नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी पहिल्या काही प्रकरणांचं बाड पुण्याच्या 'रहस्यमंजूषा' मासिकाकडे धाडलं. चाळणीतून कोपर तेवढा निसटला. तो शब्द त्यांना इतका स्वच्छ वाटला होता की तपासण्याचं पापही मनात आलं नाही.

त्यांना काय हवं होतं, ते एकदा सांगून टाकलं पाहिजे. त्यांना पुस्तक हवं होतं. मासिकातला हप्ता महिन्यानं वाण्याच्या पुडीत जातो. पुस्तक कपाटात उभं राहतं, आणि त्याच्यावर नाव असतं. मास्तरांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं यांना क्षणभर उकिरड्यावर, इकडच्या भाषेत उकंड्यावर, ठेवलं, परत उचललं आणि नाव उकंड ठेवलं. यमानं नाक मुरडून पुढच्या घरी जावं, एवढाच हेतू. यम गेला. पण त्यानंतर त्या नावाला कुणी चांगल्या जागी बोलावलंच नाही. मरायच्या आधी एकदा ते बांधलेल्या पुस्तकावर बघावं, अशी म्हाताऱ्याची हौस होती.

'कातरगडचा कोपर' स्वीकारली गेली. पहिला हप्ता आला. मास्तरांनी अंक उघडला आणि चित्र बघून चष्मा पुसला.

चित्रात देवीची भव्य मूर्ती होती. तिचा एक हात मधेच तुटलेला. आणि काळा बुरखा घातलेला चोर तुटलेला सांधा काखोटीला मारून पळत होता. सांध्यातून सोन्याचे किरण निघत होते.

मास्तरांनी मजकूर वाचला. त्यांनी लिहिलं होतं, 'राणीने कोपरात दूध ओतले.' छापलं होतं, 'राणीने कोपरावर दूध ओतले.' त्यांनी लिहिलं होतं, 'कोपर काठोकाठ भरला.' छापलं होतं, 'कोपर ओलाचिंब झाला.' 'दोन दासींनी कोपर उचलून आणला' हे मात्र तसंच ठेवून संपादकांनी खाली टीप दिली होती: 'मूर्ती अजस्र असल्याने.' आणि वर चौकटीत लिहिलं होतं की देवतेच्या भग्न अवयवाभोवती रहस्य गुंफण्याची कल्पना मराठीत अपूर्व आहे.

अपूर्व होतीच. लेखकालाही ती आत्ताच कळत होती.

मास्तरांनी सदऱ्याची बाही वर केली आणि स्वतःच्या हाताच्या सांध्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत चुलीपाशी ठेवलेल्या कोपराकडे पाहिलं. पुण्यात त्या भांड्याला परात म्हणत असावेत, आणि कोपर एवढा एकच. जन्मभर मुलांना शब्दार्थ पाठ करायला लावले, आणि एक अख्खं पितळी भांडं आपण टपालानं पाठवलं, त्याचा पुण्यात पोचेपर्यंत हात झाला.

त्यांनी लगेच कार्ड लिहिलं: 'संपादकमहाशय, कोपर हा अवयव नसून.' एवढं लिहून झालं तोच पोस्टमन पुण्याचं कार्ड घेऊन आला. वाचक वेडे झाले आहेत. सुवर्णकोपराचे पुढे काय होते, असे लोक रस्त्यात थांबवून विचारतात. कादंबरी पूर्ण होताच पुस्तक काढण्याचा मानस आहे. आपला, सुधाकर परचुरे.

मास्तरांनी स्वतःचं कार्ड चुलीत घातलं. साहित्यावरची निष्ठा, दुसरं काय.

'पुस्तक काढण्याचा मानस आहे' हे वाक्य म्हणजे कोपराला लावलेला गूळ. दिसतो, वासही येतो, पण जीभ पोचत नाही. हा वाक्प्रचार त्यांनी कित्येक वर्षं मुलांना फळ्यावर लिहून दिला होता. वाक्यात उपयोग करायची पाळी आता आली.

इकडे गावात प्रकरण वेगळंच होतं. पंजाबराव ढगे म्हणजे गावातले मोठे शेतकरी आणि मास्तरांचे लंगोटीयार. त्यांच्या ओट्यावर दर महिन्याला नवा हप्ता मोठ्यानं वाचला जायचा. माणसं खाली, बायका दाराआड. 'कोपरावर दूध ओतले' आलं की कुणीतरी म्हणायचं, "उतू गेलं असंन." चित्राबद्दल पंजाबरावांचं मत ठाम होतं.

"अबे उकंड्या, तुया पुण्याच्या चित्रकाराले साधं भांडं नाई काढता येत. नुसते हातपाय काढून राह्यला."

"त्यांच्याकडे तशी पद्धत आहे," मास्तर म्हणायचे.

"भांडं न काढ्याची?"

"सूचित करण्याची."

"मंग माही म्हैस सूचित करून पाठवतो त्याले. दूध कुठून काढते पाहू."

असे सात हप्ते गेले. पुण्यात तुटलेला हात सातपुड्यात हिंडत होता आणि वऱ्हाडात त्याच ओळींत हरवलेलं भांडं. मधे मास्तर बसून दोघांना पुढं हाकत होते. मग शेवटचं प्रकरण उरलं, कोपर सापडण्याचं. आणि पुण्याहून पत्र आलं: शेवट ऐकायला स्वतः येतो. ऐकून मगच पुस्तकाचा निर्णय करीन.

आता मास्तर खऱ्या अर्थानं सापडले. शेवटी हात सापडला तर गाव काय म्हणेल? गावाचं सोडा, मनकर्णा काय म्हणेल? तिनं संग्रामपूरपर्यंत डोकं वर करून सांगितलं होतं. आणि भांडं सापडलं तर परचुरे आल्या दमणीनं परत जातील, आणि पुस्तक जाईल त्यांच्याबरोबर.

दोन दिवस मास्तर जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण विचार करत जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांना पंजाबरावांचा तांबडा बैल दिसला. जुवाच्या उजव्या अंगाला जुंपा, डाव्या अंगाला जुंपा, चालतो. असा बैल शंभरात एखादा निघतो. मास्तर तिथंच थांबले. तसं क्रियापद मिळालं तर?

आणि मग मराठी वाङ्मयात क्वचितच कुणी केला असेल असा उद्योग सुरू झाला. 'पालथा घातला' बाद. पुण्यात हात पालथा पडून चालणार नव्हतं. 'वाकवला' बाद, वऱ्हाडातल्या बायकांनी भांडं वाकवल्याबद्दल राणीला शिव्या दिल्या असत्या. 'मुरगळला' तर दोन्हीकडे हाहाकार. 'मांजला' हे भांडी घासण्याचं फार लाडकं क्रियापद होतं, ते जड मनानं सोडावं लागलं. पण 'धुतला' चालत होता. 'पुसला' चालत होता. 'उचलला', 'झाकला', 'चमकला', 'सापडला' हे सगळे दोन्ही अंगांना चालणारे बैल. 'टेकवला' सापडला तेव्हा मास्तर ओसरीवर एकटेच टाळी वाजवून हसले.

"काय झालं?" आतून बाई.

"टेकवला!"

"काय टेकवला?"

"काही नाही. कोपर."

"अवो, टेकवला असंन तं इकडे द्या. पीठ मळाचं आहे."

प्रकरण लिहून झालं. राहिला प्रश्न घराचा. पाहुणा दारात आला की मनकर्णाबाई त्याच्यासमोर कोपर ठेवून पाय धुवायला पाणी घालणार, आणि म्हणणार, "घ्या, कोपरात पाय ठेवा." झालं, कातरगड दुसऱ्यांदा पडला. म्हणून पाहुणा यायच्या दिवशी सकाळीच मास्तरांनी कोपर कडब्याच्या गंजीत नेऊन खुपसला आणि बाईंना सांगितलं की आज घरात कोपर हा शब्द कुणी काढायचा नाही.

"काऊन?"

मास्तरांनी रहस्यकादंबरीत सातशे खोटी वाक्यं लिहिली होती. या वेळी एकही धड सुचेना. "त्यांच्या कोपराला मोठा मार बसला आहे," ते म्हणाले. "नाव काढलं की त्यांना दुःख होतं."

बाईंनी विचार केला. "पुण्यातबी कोपर असतेत?"

"असतात."

"मंग पोचा पडला असंन. त्यात दुःख काय करा लागते? माह्याल्यालेबी आहे."

बाईंपुरतं एवढ्यावर निभावलं. पण हीच थाप मास्तरांनी पंजाबरावांनाही मारली होती, आणि पंजाबरावांनी ती हाताच्या कोपराबद्दल घेतली. आणि पंजाबरावांनी ऐकलेलं गावाला वेगळं सांगावं लागत नसे.

सुधाकरपंत परचुरे शेगावच्या स्टेशनावरून दमणीनं आले. गोरे, घामाघूम, डोक्यावर पगडीऐवजी काळी टोपी, हातात कातडी पेटी. ते उतरायला लागले तसे पंजाबराव धावले.

"हळू उतरा साहेब. हात सांभाळा. पेटी द्या इकडे."

"अहो, असू द्या, हलकी आहे."

"आमाले सगळं मालूम आहे जी. तुमी बोलू नोका. एरंडाचं पान गरम करून बांधलं का तुमी?"

"कशावर?"

पंजाबरावांनी मास्तरांकडे बघून समजूतदारपणे मान हलवली. "बोलून नाई राह्यले. दुखत असंन."

परचुऱ्यांना वाटलं, ही इकडची स्वागताची रीत असावी. त्यांनी नम्रपणे मान लववली. अंगणात साध्या तांब्यानं त्यांच्या पायांवर पाणी घातलं गेलं. दारात उभ्या मनकर्णाबाईंनी ते पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पुण्याहून आलेला माणूस, आणि वाटसरूसारखे मातीत पाय धुतले.

जेवण झाल्यावर पंजाबरावांच्या ओट्यावर सगळे जमले. परचुरे लोडाला टेकून बसले, हाताचा कोपर लोडात रुतवून. समोरच्या पंचवीस-तीस माणसांनी एकदम तोंडानं 'स्स' केलं. परचुरे दचकून ताठ बसले. मास्तरांनी घाईनं वाचायला घेतलं.

वाचताना त्यांचा आवाज कापत होता. लोकांना तो भावनेचा वाटला. तो भीतीचा होता. एका डोळ्यानं ते परचुऱ्यांकडे बघत होते, एका डोळ्यानं दाराआडच्या बायकांकडे. दिवाण मेला. भुयार उघडलं. राणी आत उतरली.

"राणीने थरथरत्या बोटांनी माती दूर सारली. कोपर दिसला. इतकी वर्षे भूमीच्या पोटात राहूनही त्याचे तेज गेले नव्हते. तिने तो गार पाण्याने धुतला, पदराने पुसला. एका अंगाला जुन्या घावाची खूण होती. लहानपणी ती खूण तिने पाहिली होती. तिच्यावरून तिने हळूच बोट फिरवले. मग कोपर देवीपुढे टेकवला आणि म्हणाली, माते, तुझे तुला."

दाराआड कुणीतरी नाक ओढलं. पंजाबराव उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "सापडला बावा एकदाचा." आणि परचुरे! परचुऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"मास्तर," ते म्हणाले, "घावाची खूण. भग्न शिल्पाला तुम्ही माणसाचं अंग दिलंत. पुस्तक निघणार. मी आजच सांगतो."

मास्तरांना क्षणभर वाटलं, आपण मोठे लेखक आहोत. असं वाटणं किती धोक्याचं असतं, हे त्यांनी मुलांना कधी शिकवलं नव्हतं.

कारण पानसुपारी फिरते न फिरते तोच मनकर्णाबाई आल्या. घुंगट सावरत, दोन्ही हातांत कोपर, कोपरात ऊन पाणी. काठाला कडब्याचं एक पान अजून चिकटलेलं. 'माते, तुझे तुला' ऐकल्यावर त्यांच्यानं राहवलं नव्हतं. मास्तरांनी सकाळी तो कुठं खुपसला हे त्यांनी पाहिलंच होतं; तडक जाऊन गंजीतून काढून आणला होता. तो त्यांनी परचुऱ्यांच्या पायाशी ठेवला.

"सकाळी तसेच धुतले, माफ करा बावा. आता धुतो नीट."

"अहो, कशाला, कशाला," परचुरे संकोचले. "आणि ही परात…"

"परात नाई जी. कोपर. तुमी आता आयकला न, थोच. ह्यो पोचा पाहा."

परचुऱ्यांनी कोपराकडे पाहिलं. मग न कळत उजव्या हातानं स्वतःचा डावा कोपर धरला.

"दुखून राह्यला का जी?" पंजाबरावांनी विचारलं.

"मास्तर," परचुरे सावकाश म्हणाले, "हे पात्र आहे?"

मास्तर हातातले कागद जुळवू लागले. बाईंनी विचारलं, "मंग पुण्यात काय समजले?" आणि परचुऱ्यांनी, बिचारे प्रामाणिक गृहस्थ, आपला हात वाकवून सांधा दाखवला.

हसू आधी पंजाबरावांच्या पोटात फुटलं. ते हसले, खोकले, भिंतीला धरून पुन्हा हसले. "अबे उकंड्या! सात महिने अख्खं पुनं हाताच्या सांध्यामागं पळून राह्यलं! अन् चोरानं तो काखेत मारला होता बे! काखेत!"

सगळे हसले. मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"खरं सांगा. पुस्तकात माहा कोपर आहे का या पाहुण्यायचा?"

मास्तरांकडे उत्तर तयार होतं. 'दोन्ही.' पंधरा दिवस खपून त्यांनी तेच उत्तर तर घडवलं होतं, क्रियापद न क्रियापद पारखून. परचुऱ्यांनाही ते चाललं असतं. पण बाईंचा हात कोपराच्या काठावर होता, अगदी पोच्यावर.

"तुझा," ते म्हणाले. "पहिल्या ओळीपासून तुझाच." मग परचुऱ्यांकडे वळून म्हणाले, "साहेब, चूक माझी. पहिल्या महिन्यात मला कळलं होतं. पुस्तकाच्या लोभानं गप्प बसलो. तुमच्या पुस्तकाला माझा कोपरापासून नमस्कार." आणि त्यांनी खरंच तसे हात जोडले. त्यांनाही त्यातला विनोद दिसला. पण त्या घडीला हसू आलं नाही.

पाणी निवत चाललं होतं म्हणून असेल किंवा दुसरं काही सुचेना म्हणून असेल, परचुऱ्यांनी पाय कोपरात ठेवले. बाई वाकून पाणी घालू लागल्या.

"'कोपरात'चं 'कोपरावर' मी केलं," ते शेवटी म्हणाले. "लेखकाचा हस्तदोष समजून. आणि सुवर्णकोपर व मूर्तिशास्त्र या विषयावर पुण्यात माझी दोन व्याख्यानं झाली आहेत. दुसऱ्याला तर अध्यक्षही होते." त्यांनी खिन्नपणे पाण्यातल्या अंगठ्याकडे पाहिलं. "द्या बघू ते प्रकरण."

त्यांनी प्रकरण मनात पुन्हा वाचलं. वाचताना एकदा कोपराकडे बघायचे, एकदा हाताकडे. 'टेकवला'पाशी थांबले.

"अहो, हे दोन्हीकडे चालतं!"

"चालतं," मास्तर म्हणाले. घरात चोरून लाडू खाल्लेलं मूल जसं कबूल होतं, तसं.

"मग मागचं सगळं असंच करून द्या. पुण्याला पुण्याचा, इकडच्यांना इकडचा. मला व्याख्यानं मागं घ्यायला नकोत, आणि…" त्यांनी बाईंकडे चोरून पाहिलं. "चालेल का हो तुम्हाला?"

"पुन्याले जे दिसते थे दिसू द्या," बाई पाणी घालत म्हणाल्या. "मले आमच्या यायच्या तोंडून आयकाचं होतं. आयकलं."

"पण चित्राचं काय?" परचुरे पुटपुटले. "शब्द दोन्हीकडे चालेल. चित्र कसं चालेल? हात काढला तर इकडे हसतील, परात काढली तर तिकडे."

"चित्र कायले पाह्यजे?" बाई म्हणाल्या. "नाव लिवा यायचं. मोठ्ठ्या अक्षरात."

तसंच ठरलं. पुढचे चार महिने मास्तर मागची प्रकरणं दुरुस्त करत होते. काठोकाठ भरलेला कोपर पुसून काढताना त्यांच्या जिवावर यायचं. पण काढला.

दिवाळीच्या सुमारास पुस्तकं आली. पंजाबरावांनी पुडकं स्वतःच्या विळ्यानं कापलं. कोऱ्या करड्या पुठ्ठ्यावर चित्र नव्हतं. नाव मात्र बाईंनी सांगितलं होतं तसं, बोटभर उंच अक्षरांत. मास्तरांनी वाचलं. पंजाबरावांनी वाचलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

'उत्कंठराव अवचार.'

छापखान्यातल्या मुद्रितशोधकानं जन्मात उकंड हे नाव ऐकलं नव्हतं. रहस्यकादंबरी, म्हणजे उत्कंठा, म्हणजे हा हस्तदोष, असा हिशेब करून त्यानं नाव शुद्ध केलं होतं. पुढं पुण्यातल्या एका परीक्षणात या समर्पक टोपणनावाचं कौतुकही आलं. आईनं उकिरड्यावरून उचललेलं पोर, पुण्यानं ते धुऊनपुसून घेतलं होतं.

पंजाबरावांनी तोंड उघडलं. मग बहुधा पन्नास वर्षांत पहिल्यांदाच ते न बोलता मिटलं. "एक मले दे," एवढंच म्हणाले आणि पुस्तक घेऊन गेले.

मास्तर एक प्रत घेऊन आत आले. मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या. पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी पुस्तक घेतलं, उलटंसुलटं केलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"यात तुमचं नाव कुठं आहे?"

मास्तरांनी मुखपृष्ठावर बोट ठेवलं. जन्मभर ज्यांनी पोरांना छापलंय तेच वाचा म्हणून छड्या मारल्या, त्यांनी त्या मोठ्ठ्या अक्षरांवरून सावकाश बोट फिरवत वाचून दाखवलं, "उ-कं-ड-राव. अवचार."

"मस्त दिसून राह्यलं," बाई म्हणाल्या. "अन् माहा कोपर?"

मास्तरांनी शेवटचं प्रकरण उघडलं. ओळ शोधून बोट ठेवलं. "हा."

बाई खूप खाली वाकल्या. "एवढासा?"

"एवढासाच."

"बाप्पा!" बाई म्हणाल्या. "याच्यात तं एका भाकरीचं पीठबी नाई मावत."